घटप्रभेची ओटी

हिडकल धरण भरले की घटप्रभेला 'बागिन' अर्पण करण्याचा कार्यक्रम होतो. मंत्री, आमदार, पाटबंधारे खात्याचे अधिकारी आणि आसपासच्या गावांचे पुढारी धरणाच्या भिंतीवर जमतात. सुपात हळद, कुंकू, हिरव्या बांगड्या, खण, नारळ आणि धान्य ठेवतात, वर दुसरे सूप पालथे घालतात आणि ते पाण्यात सोडतात. दुसऱ्या दिवशी कन्नड वर्तमानपत्रात 'बागिन' असा मथळा येतो आणि मराठीत 'जलपूजन'. हे दोन्ही मथळे वाचताना मला नेहमी वाटते, की नेमका शब्द दोघांनीही सोडला. आपल्या घरातल्या बायका याला सरळ 'ओटी भरणे' म्हणतील. सासूबाई कन्नड बोलणाऱ्या असतील तर त्या 'उडि तुंबोदु' म्हणतील. नदी भरली, म्हणून तिची ओटी भरायची. समजायला इतके सोपे असताना 'जलपूजन' कशाला?

मुख्यमंत्र्यांनी धरणाला बागिन देण्याची पद्धत खरे तर कावेरीकडची, कृष्णराजसागराची. तिकडे गौरीच्या सणाला सवाष्णी एकमेकींना सुपातले बागिन देतात, तेच पुढे धरणाला देऊ लागले. आपल्या भागात ही रीत अलीकडची. पण ती उपरी वाटली नाही, कारण ओटी काय आणि उडी काय, जमीन आधीच तयार होती.

यातला 'तुंबणे' हा शब्द बघा. मराठीत गटार तुंबते, मोरी तुंबते, नाक तुंबते. एकूण तुंबणे वाईटच. कन्नडमध्ये घागर तुंबते, ओटी तुंबते, शाळेची फी तुंबतात आणि धरणही तुंबते. गोकाकच्या बसमध्ये कोणी 'डॅम तुंबैति' म्हणाले, तर नवखा पुणेकर दचकून विचारील, काय अडकले? आपल्या घरातली मुले मात्र दोन्ही अर्थ न गोंधळता वापरतात. कालव्याचेही तसेच. आपला 'कालवा' आणि त्यांचा 'कालुवे'. कोणी कुणाकडून घेतला हा वाद आमच्या स्टाफरूममध्ये चहाच्या वेळी वर्षानुवर्षे चालू आहे. पाणी मात्र दोघांच्या कालव्यातून एकाच उताराने वाहते.

आज हे सगळे लिहायचे कारण, हिडकल धरणाला आता पन्नास वर्षे होत आली. १९७७ साली ते पुरे झाले. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात हिडकल रोज येते. बेळगावच्या नळाला जे पाणी येते त्यातले काही राकसकोपचे आणि काही हिडकलचे. पण या धरणाबद्दल आपल्याला ठाऊक काय असते? पावसाळ्यात पाण्याची पातळी किती फूट झाली आणि रविवारी डबे घेऊन तिथे जाता येते का, एवढेच.

आधी नदीचे घराणे सांगतो. घटप्रभा उगम पावते चंदगड तालुक्यात, सह्याद्रीच्या माथ्यावर, म्हणजे महाराष्ट्रात. चंदगडचीच ताम्रपर्णी तिला धरणाच्या आधी येऊन मिळते. आंबोलीची हिरण्यकेशी आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करत येते. पण ती मिळते धरणाच्या खाली. बेळगावच्या उत्तरेकडून जाणारी आपली मार्कंडेयही धरणाला बगल देऊन गोकाकजवळ मिळते. कोणती नदी धरणाच्या वर मिळते आणि कोणती खाली, हे ध्यानात ठेवा. पुढे त्याचे काम आहे. या सगळ्या जणींना घेऊन घटप्रभा बागलकोट जिल्ह्यात कृष्णेला मिळते. कृष्णेच्या पाणीतंट्याचा निवाडा करणाऱ्या बच्छावत लवादाने खोऱ्याचे भाग पाडले, त्यात हिला नाव मिळाले 'के-३'. ताम्रपर्णी, हिरण्यकेशी, मार्कंडेय अशी नावे असलेल्या मुलींच्या घरात थोरलीला हजेरीपटावरचा क्रमांक!

या नदीवर माणसाने पहिल्यांदा हात टाकला तो हिडकलला नाही. गोकाकचा धबधबा सुमारे ५२ मीटर, म्हणजे १७१ फुटांवरून कोसळतो. हे पाणी फुकट पडते आहे, हे इंग्रज व्यापाऱ्यांच्या डोळ्यांत भरले. १८८७ साली तिथे सुताची गिरणी चालू झाली, ती याच पाण्याच्या जोरावर. सुरुवातीला खाली दरीत पाण्याने चाके फिरत आणि त्यांची शक्ती दोरखंडांनी वर गिरणीत पोचवली जाई. वीज पुढची. आमच्याकडे गोकाकला आशियातली पहिली जलविद्युत म्हणायची पद्धत आहे. दार्जिलिंगजवळचे सिद्रापोंग (१८९७) आणि म्हैसूरचे शिवनसमुद्र (१९०२) यांचेही असेच दावे आहेत. मला हा पहिल्या नंबरचा हट्ट फारसा कळत नाही. दोरखंडाने गिरणी फिरवणारी ती मूळ युक्तीच मला जास्त अचंब्याची वाटते.

त्यानंतर १८९७ साली धूपदाळचा बंधारा झाला. बंधारा आणि धरण यांत आपण बोलताना फरक करत नाही, तो करायला हवा. बंधारा पाणी साठवत नाही म्हटले तरी चालेल. तो वाहते पाणी थोडे उंच करतो आणि कालव्याकडे वळवतो. नदी आटली की बंधाऱ्याचा कालवाही आटतो. धूपदाळवरून निघालेल्या डाव्या कालव्याचे नशीब असे पावसाला बांधलेले होते. पुढे त्या बंधाऱ्यामागच्या पाण्यावर हिवाळ्यात करकोचे उतरू लागले आणि १९७४ साली तिथे पक्षी अभयारण्य जाहीर झाले. हा फायदा मात्र कुणाच्या आराखड्यात नव्हता.

नदी आटली तरी कालवा वाहता राहावा, यासाठी पावसाळ्याचे पाणी उन्हाळ्यापर्यंत सांभाळून ठेवणारे कोठार लागते. ते कोठार म्हणजे हिडकल. धूपदाळ बांधले तेव्हा आपण मुंबई इलाख्यात होतो. हिडकल पुरे झाले तेव्हा कर्नाटकात. धरणाचे अधिकृत नाव राजा लखमगौडा जलाशय. वंटमुरीच्या या सरदेसाई घराण्यातल्या राजांनी शिक्षणाला सढळ हाताने दान दिले. बेळगावचे 'आर. एल. लॉ' कॉलेज म्हणजे राजा लखमगौडा लॉ कॉलेजच. तिथून वकील होऊन बाहेर पडलेली किती तरी मराठी मुले आहेत. त्यांतल्या बऱ्याच जणांना आद्याक्षरांमागचा माणूस ठाऊक नसतो.

आता आकडे. हिडकलची साठवण ५१ टीएमसी. पाणीपातळी २१७५ फुटांवर गेली की धरण भरले. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. याने डोळ्यांसमोर काहीच उभे राहत नाही, म्हणून आपण घरचा हिशेब करू. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३१ कोटी लिटर. पाच माणसांच्या घराला दिवसाला ५०० लिटर धरा. मग एका टीएमसीत दीड लाखाहून जास्त घरांचे वर्ष निघते. बेळगावसारख्या शहराची तहान एवढ्याशा तुकड्यात भागू शकते. मग बाकीचे पाणी जाते कुठे? शेतात. घटप्रभा प्रकल्पाखाली बेळगाव आणि बागलकोट जिल्ह्यांत मिळून तीन लाख हेक्टरांहून अधिक जमीन येते. डावा कालवा धूपदाळहून निघतो. उजवा हिडकलहून, आणि तो दोनशे किलोमीटरच्या आसपास लांब आहे. शंभर वर्षांपूर्वी जिथे जोंधळ्याशिवाय काही दिसत नव्हते, तिथे आज बसच्या खिडकीतून दोन्ही बाजूंना ऊस दिसतो.

पुरात वर्तमानपत्रे 'क्युसेक'मध्ये बोलतात, त्याचीही एक गुरुकिल्ली सांगतो. साडेअकरा हजार क्युसेकचा विसर्ग चोवीस तास चालू राहिला की एक टीएमसी पाणी धरणातून गेले. बातमीतला आकडा या मापाने मोजून बघा. निम्मी घबराट तिथेच कमी होते. क्वचित वाढतेही.

विजेची गोष्ट याहून मजेची आहे. हिडकलच्या पायथ्याशी १६ मेगावॅटचे दोन संच आहेत, एकूण ३२ मेगावॅट. १९९२ सालापासून ते चालू आहेत, म्हणजे धरण पुरे झाल्यावर पंधरा वर्षांनी. यावरूनच धरणाच्या मनात पहिला मान कुणाचा ते कळते. आधी शेत, मग वीज. शेतीसाठी पाणी सोडायचेच आहे, तर जाता जाता त्याने पाती फिरवावीत, एवढेच तिथे अपेक्षित आहे. शेतकऱ्याची पाळी नसली आणि नदीत सोडायला पाणी नसले की संच स्वस्थ बसतात. सून नोकरीला निघते, तेव्हा 'जाता जाता पोराला शाळेत सोड' म्हणतात ना, त्यातला प्रकार.

हजार लिटर पाणी, म्हणजे गच्चीवरची मोठी टाकी, चाळीस मीटरवरून खाली सोडले तर त्यातून किती वीज मिळते? युनिटचा जेमतेम दहावा हिस्सा. एक युनिट हवे तर दहा टाक्या रित्या करायच्या. म्हणजे इस्त्री तासभर चालवली की दहा टाक्या गेल्या! हेच हजार लिटर पाऊणशे-शंभर नव्हे, तर पावणेपाचशे मीटरवरून सोडले तर एक युनिट सहज निघते. कोयनेचे बळ यातच आहे. कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला, कोकणात, एवढ्या उंचीवरून उतरवले जाते. म्हणून कोयना प्रकल्प १,९६० मेगावॅटचा आणि आपला हिडकल ३२ चा. पण घाईने तुलना करू नका. बच्छावत लवादाने कोयनेचे वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी पश्चिमेकडे विजेसाठी वळवायला परवानगी दिली. ते पाणी वीज देऊन कोकणात उतरते आणि अखेर समुद्राला मिळते. कृष्णाकाठच्या शेताला ते पुन्हा दिसत नाही. हिडकलचे पाणी थोडी वीज देते आणि मग मुकाट्याने उसाला, मक्याला जाते. एकच घास दोनदा कामी येतो. मला विचाराल तर मी हिडकलच्या बाजूचा. पण मुंबई-पुण्याच्या दिव्यांखाली बसलेल्याला माझे म्हणणे पटेलच असे नाही.

पूर्ण क्षमतेने तासभर चालले तर हिडकलचे दोन संच ३२ हजार युनिटे देतात. महिन्याला शंभर युनिटे जाळणाऱ्या ३२० घरांचा महिना त्यात निघतो. ही वीज 'हिडकलची' म्हणून वेगळी कुणाच्या घरी जात नाही. ती राज्याच्या जाळ्यात मिसळते. ज्या हुक्केरी तालुक्यात हे धरण आहे, तिथे विजेच्या बाबतीत एक निराळीच गंमत आहे. तिथे गावोगाव वीज वाटते ती सरकारी कंपनी नव्हे, तर १९६९ साली स्थापन झालेली ग्रामीण वीज सहकारी संस्था. साखरेची सहकारी संस्था, दुधाची सहकारी संस्था आपल्याला ठाऊक असते. विजेची सहकारी संस्था, आणि तीही अजून चालू असलेली, फार थोड्या ठिकाणी सापडेल. हुक्केरीचे ग्राहक विजेच्या संस्थेच्या निवडणुकीत मतदान करतात. वीज मात्र ती संस्था विकत घेते. धरण उशाला आणि वीज विकतची.

इथपर्यंत जे सांगितले ते धरणाच्या खालच्या बाजूचे. धरणाला वरची बाजूही असते. तिथे वर्तमानपत्रे फारशी जात नाहीत.

साधी भूमिती आहे. कालवा उताराने वाहतो, म्हणून धरणाचे पाणी भिंतीच्या खालच्या गावांनाच मिळते. जी गावे बुडतात ती भिंतीच्या वर असतात. त्यांतून उठलेली माणसे जवळच्या माळावर वसली, तर पाणी डोळ्यांसमोर आणि शेत कोरडे. बुडणारे वर, भिजणारे खाली. हा काही हिडकलचाच दोष नाही, जगातल्या प्रत्येक धरणाचा आहे. पण म्हणून तो दोष राहत नाही असे थोडेच? खालच्या गावात ऊस वाढला, कारखाने आले, मुले इंजिनिअर झाली. काही ठिकाणी तर पाणी इतके झाले, की जमीन क्षारपड झाली आणि पांढरी पडली. जास्तीचे पाणीही कुणाच्या तरी मुळावर येते. वरच्या गावातल्या माणसाने मात्र एकदाच भरपाई घेतली, तीही त्या काळच्या दराने, आणि तिथून पुढे त्याचे नाव कुठल्या हिशेबात राहिले नाही.

माझ्या वर्गातल्या एका मुलीला मी प्रकल्प म्हणून स्वतःच्या आजीच्या बोलण्यातले शब्द टिपून आणायला सांगितले होते. म्हणी, ओव्या येतील अशी माझी अपेक्षा. तिने आणली शेतांची नावे. आजीचे गाव हिडकलच्या पाण्यात गेलेले. त्या गावातल्या प्रत्येक शेताला नाव होते. काही नावे 'होला'ने संपणारी, काही 'माळ' नि 'पट्टी'ने. एका शेताचे नाव अर्धे कन्नड आणि अर्धे मराठी. कुठल्या बांधावर कुठले झाड होते, कुठल्या विहिरीचे पाणी डाळ शिजवायला चांगले, हे सारे आजीला पाठ. अजूनही ती दिशा सांगते ती बुडालेल्या गावाच्या वेशीपासून. नात वहीत लिहीत होती तेव्हा आजी मधेच थांबली आणि विचारू लागली, हे लिहून घेतल्यावर सरकार काही देणार आहे का? नातीने 'नाही' म्हटले. तरी आजी पुढे सांगत राहिली.

मी ती वही दोनदा वाचली. सर्व्हे नंबर सरकारच्या दप्तरात असतील. ही नावे कुठल्याच दप्तरात नाहीत. आपल्या भागात कुठले गाव कुठल्या भाषेचे यावर इतकी शाई सांडली. खुद्द जमिनीने दोन भाषांत नाव घेतले होते, ते मात्र पाण्याखाली गेले.

हुन्नूरचे विठ्ठल मंदिरही असेच. हुक्केरी तालुक्यातले हे दगडी देऊळ धरणाच्या साठ्यात गेले. वर्षातले बहुतेक महिने ते पाण्याखाली असते. उन्हाळ्यात पातळी उतरू लागली की आधी वरचा भाग दिसतो, मग खांब, मग चिखलाने माखलेला ओटा. पावसाळा लांबला की देऊळ पूर्ण उघडे पडते आणि माणसे चिखल तुडवत दर्शनाला जातात. मराठी संतांनी विठ्ठलाला 'कानडा' म्हटले आणि कन्नडच्या पुरंदरदासांनी आपल्या प्रत्येक पदाच्या शेवटी त्याचे नाव गुंफले. दोन्ही भाषांनी आपला मानलेला देव दोन्ही भाषांच्या गावाबरोबर पाण्यात गेला, यावर भाबडे काही लिहायचा मोह होतो. तो मी आवरतो. एवढेच सांगतो, की देऊळ दिसते त्या वर्षी खालच्या शेतकऱ्याच्या तोंडचे पाणी पळालेले असते. वरच्या गावाला देवाचे दर्शन घडते ते खालच्या गावाला दुष्काळ दिसतो तेव्हा.

पुराची बाजू याच्या उलट. ऑगस्ट २०१९ मध्ये गोकाक शहरात पाणी शिरले, लोळसूरचा पूल पाण्याखाली गेला, बाजारपेठा बुडाल्या. तेव्हा जो तो म्हणत होता, हिडकलचे पाणी सोडले म्हणून. त्यात तथ्य आहे; पण ते अर्धेच. वर मी सांगितले ते आठवा. हिरण्यकेशी आणि मार्कंडेय धरणाच्या खाली मिळतात. हिडकलचे सगळे दरवाजे घट्ट बंद ठेवले, तरी आंबोलीला आणि बेळगावला कोसळलेला पाऊस गोकाकला पोचणारच. धरणाला त्यांना अडवता येत नाही. धरणाच्या हाती असते ते एवढेच, की आपले पाणी त्या दोघींच्या पुरात नेमके त्याच घटकेला मिसळू न देणे. त्यासाठी धरणात आधी जागा रिकामी ठेवावी लागते. आणि इथेच पेच आहे. ज्याला पाणी साठवायचे आहे त्याला धरण लवकर भरायला हवे, ज्याला पूर अडवायचा आहे त्याला ते रिकामे हवे. एकाच तांब्याने दूधही घ्यायचे आणि तो पालथाही ठेवायचा, असे हे काम. जुलैच्या अखेरीस धरण नव्वद टक्के भरले की आपण पेढे वाटतो. खरे तर त्या दिवशी गोकाकच्या माणसाने सामान माळ्यावर चढवायला घ्यावे.

वरून फाटकवाडी, जंगमहट्टी अशी महाराष्ट्रातली चंदगडची धरणे भरून वाहू लागली, की ते पाणी हिडकलकडे येते. म्हणजे बेळगावच्या माणसाने चंदगडच्या पावसाची बातमी वाचायला हवी आणि गोकाकच्या माणसाने बेळगावची. चंदगड कोल्हापूर जिल्ह्यात, म्हणून तिथली बातमी कन्नड वर्तमानपत्रात येत नाही. गोकाकची बातमी मराठीत आली तरी ती आतल्या पानावर. आपल्यासारख्या दोन्ही भाषा वाचणाऱ्या घरांचा इथे खरोखरच उपयोग आहे. २०१९ च्या त्या आठवड्यात आमच्या ओळखीच्या एका कुटुंबात सुनेचे माहेर चंदगडकडे आणि नणंदेचे सासर गोकाकला होते. माहेरचा फोन आला, की सून ताबडतोब नणंदेला कन्नडमध्ये कळवायची, 'अक्का, मले भाळ ऐति.' पाऊस फार आहे. नणंदेने धान्याची पोती वेळेवर वरच्या मजल्यावर नेली. खात्याच्या इशाऱ्याला एवढी धार क्वचितच असते.

शेवटचा मुद्दा तहानेचा, आणि तो वाढत जाणार आहे. घटप्रभेची धाकटी बहीण म्हणावी अशी मलप्रभा कणकुंबीला उगम पावते. तिच्यावरचे नवीलतीर्थाचे धरण पुष्कळदा भरत नाही आणि हुबळी-धारवाडची तहान तिच्यावर आहे. तेव्हा नजर हिडकलकडे वळणार हे उघडच होते. २०२५ साली हिडकलचे पाणी धारवाडकडच्या औद्योगिक वसाहतीला नळाने नेण्याच्या कामावरून बेळगावात निदर्शने झाली. त्यात कन्नड शेतकरी संघटना आणि मराठी माणसे एकाच बाजूला होती, हे मला बघण्यासारखे वाटले. कारखान्याला पाणी देऊच नये असे माझे म्हणणे नाही. कारखान्यात आपलीच मुले जातात. पण ५१ टीएमसी हा आकडा फुगत नाही. पिण्याला किती, शेताला किती, कारखान्याला किती आणि पुरासाठी रिकामे किती, हे लोकांसमोर मांडून ठरले पाहिजे. आज एक नळ, उद्या दुसरा, असे करत नव्हे. आणि तसे मांडायला कोणी बसलेच, तर वरच्या गावांना निदान पिण्याचे पाणी बाराही महिने मिळते का, हा प्रश्न त्या कागदावर पहिल्या ओळीत यावा.

आता वाचकांना एक विनंती. हिडकलच्या पाण्यात ज्यांची गावे गेली, अशी कुटुंबे आपल्यात पुष्कळ आहेत. काही बेळगावात आली, काही संकेश्वर, हुक्केरी, गडहिंग्लजकडे गेली. उठताना जे विशीत होते ते आज सत्तरीत आहेत. त्यांच्याकडून जुन्या गावातल्या शेतांची, विहिरींची, ओढ्यांची, पाणंदींची नावे लिहून घ्यायची आहेत. मराठीत असोत, कन्नडमध्ये असोत, अर्धी-अर्धी असोत. माणूस जशी उच्चारतो तशीच लिहा, शुद्ध करायला जाऊ नका. शेत कुणाचे होते, शेजारी कोण, तिथे काय पिकायचे, बांधावर कुठले झाड, हेही आठवत असेल तर सोबत द्या. जुना उतारा, भरपाईचा कागद, घरासमोर काढलेला एखादा फोटो असेल तर त्याची झेरॉक्स पुरे, मूळ कागद पाठवू नका. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या घरी आमच्या वर्गातल्या मुली येतील. त्यांतल्या दोघींना दोन्ही भाषा येतात. मे महिन्यात पाणी उतरले की ज्येष्ठ मंडळींपैकी ज्यांना झेपेल त्यांना घेऊन हुन्नूरच्या बाजूला एकदा जायचा विचार आहे, म्हणजे कुठले शेत कुठे होते ते त्यांना हाताने दाखवता येईल. पत्रे साप्ताहिकाच्या पत्त्यावर पाठवावीत. पाकिटावर बुडालेल्या गावाचे नाव मोठ्या अक्षरात लिहावे.